गैरहजरांचं उत्तर

मंगळवार, २ सप्टेंबर

आज माझ्या खुर्चीचं अपहरण झालं. शब्द जपून वापरतो आहे. चोरी म्हणावी तर ती लपूनछपून होते, आणि बदली म्हणावी तर तिचा निदान आदेश तरी निघतो. ही खुर्ची भर मधल्या सुट्टीत, मी हात धुवायला गेलो असताना, शिक्षकांच्या खोलीतून उचलली गेली. डावा हात सैल, पाठीला वेताची जाळी, आणि बसलं की एक बारीकसा हुंकार. गेली कित्येक वर्षं तिने मला सोसलं आणि मी तिला. तिच्या जागी निळं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं होतं. स्टुलाला पाठ नसते. बसणाऱ्याला स्वतःचा कणा आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. संस्कृतच्या शिक्षकाबद्दल एवढा गैरसमज बरा नव्हे.

फिर्याद घेऊन मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेलो.

"बरं झालं आलात, सर. तुमचीच आठवण काढत होते."

वरिष्ठ ज्याची आठवण काढतात त्याचं काही खरं नसतं.

"खुर्ची कोपऱ्यातल्या खोलीत नेलीय. नव्या कक्षासाठी. गळती प्रतिबंध कक्ष."

"मग खुर्चीपेक्षा नळदुरुस्तीवाला बोलवायला हवा होता," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. शाळा अर्ध्यात सोडणाऱ्या मुलांना गळती म्हणतात हे मलाही ठाऊक आहे, पण विनोद तोंडापर्यंत आला की मला गिळता येत नाही. त्याची शिक्षा लगेच मिळाली. नववीचा वर्गशिक्षक या नात्याने त्या वर्गाची गळती माझ्याकडे आली. खुर्ची मागायला गेलो आणि काम घेऊन परतलो. खुर्ची तिथेच राहिली.

बाईंनी एक नवा नियम काढला आहे. हजेरी घेताना नाव पुकारतो, मूल नसतं, क्षणभर कुणी काही बोलत नाही आणि आपण पुढचं नाव घेतो. बाई म्हणतात, ती शांतता वाईट. रोज थोडी थोडी ती मुलाला बाहेर ढकलते. यापुढे नसलेल्याच्या नावाला सगळ्या वर्गाने उत्तर द्यायचं: येतोय. मुलगी असेल तर येतेय. म्हणजे त्याची जागा गेलेली नाही, सगळे वाट बघताहेत, हे त्याच्या कानावर जातं.

"आणि तुमच्या वर्गातली ती पाकोळी," बाई म्हणाल्या. "तिची थोरली बहीण नववीतच गेली. ही जाता कामा नये. महिनाभर दिसली नाही तर नाव कमी करावं लागेल, मग पुढची परीक्षा विसरा."

पाकोळी हे मुलांनी ठेवलेलं नाव. चणीने लहान, एका जागी न ठरणारी, बोलताना हात उडवणारी. गेले काही दिवस ती येत नाही.

घरी जेवताना मुलीला सगळं सांगितलं. ती यंदाच कॉलेजात गेली आहे. म्हणाली, "बाबा, म्हणजे खुर्ची सांभाळायला तुम्हाला नेमलंय." सौ. म्हणाली, "घरातला नळ तीन महिने गळतोय, त्याच्यासाठी कक्ष कधी काढताय?" सौ. इस्पितळात परिचारिका आहे. तिची निदानं नेहमीच अचूक असतात.

गुरुवार, ४ सप्टेंबर

कक्षासाठी एक तरुण सल्लागार बाई आल्या आहेत. आज त्यांनी आम्हा शिक्षकांना एकत्र बसवलं. मला स्टूल मिळालं.

त्या म्हणाल्या, "भांडणारं मूल अजून शाळेतच असतं. जायला निघालेलं मूल आधी त्रास देणं बंद करतं. सगळ्याला हो म्हणतं. आपल्याला वाटतं, सुधारलं."

"मग माझा वर्ग अगदी सुरक्षित आहे," भूगोलाचे सर म्हणाले. "एकही सुधारलेलं नाही."

सगळे हसलो. बाईही हसल्या, पण हसताना त्या आमच्या तोंडांकडे बघत नव्हत्या, आमच्या मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होत्या.

पहिल्या तासाला नियम अमलात आणला. पाकोळीचं नाव घेतलं आणि एवढी सारी तोंडं एका सुरात म्हणाली, "येतेय." आणि मग सगळ्यांनी, मीसुद्धा, दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाहेरच्या लांबलचक ओसरीवर कुणी नव्हतं. तरी आम्ही जरा वेळ बघत राहिलो. ज्याची नुकतीच ग्वाही दिली ते यायला हवं, अशी काहीतरी सक्ती त्या शब्दात होती.

मानेवर काटा आला. वारा असेल.

सोमवार, ८ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर पाकोळीच्या घरी गेलो. आईबाप नाहीत, मावशीने वाढवलं. मावशीचं इस्त्रीचं दुकान, मागे एक खोली. दुकानात दोरीवर शर्ट इतके दाट टांगलेले की पलीकडचं दिसत नाही. बिनडोक्याच्या माणसांची एक रांग आपल्याकडे पाठ करून उभी आहे, असं वाटत होतं. मावशीच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"भाजला हो, सर. पोरगी नसती तर दुकान बंदच पडलं असतं."

"आहे कुठे ती?"

"आहे की आत. अगं, सर आलेत!"

शर्टांच्या रांगेखाली दोन अनवाणी पावलं दिसली. इस्त्री थांबली. आतून आवाज आला, "येतेय, सर! पुढच्या सोमवारपासून येतेय!"

"नक्की?"

"नक्की. येतेय!"

मावशी हळू आवाजात म्हणाली, "थोरलीच्या वेळी कुणी आलं नव्हतं हो. तुम्ही आलात तरी."

"ती गेली कुठे?"

"आधी कुठेच नाही. इथेच होती. नुसती शाळेला जात नव्हती. मग कुणाच्या कुणाच्या कामावर जायला लागली. मग एकदा…" मावशीने चांगला हात हवेत हलवला. "आता फोन नाही की निरोप नाही. कशी गेली विचाराल तर सांगता यायचं नाही. एका दिवसात गेलीच नाही ती."

मी समाधानाने परतलो. पोरीचा आवाज ठणठणीत होता. वाटेत लक्षात आलं की तिला मी पाहिली नाहीच. पावलं तेवढी पाहिली. पण सोमवारपासून येणारच आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

कक्षाला यश येतं आहे. आजारपणाच्या नावाखाली घरी बसलेले दोघे परत आले. वर्गालाही आता सराव झाला आहे. मी नाव घेतो न घेतो तोच "येतेय". सुरुवातीला मुलं दाराकडे बघायची, आता बघत नाहीत. मीही बघत नाही. चष्म्याचा नंबर वाढला आहे. हजेरी घेताना डोळा ओळीवरून हलला की ओळ हरवते, म्हणून मान खालीच असते. कानाने काम भागतं.

सौ.ची दुपारची पाळी सुरू आहे. ती दुपारी जाते, रात्रीची येते. त्यामुळे संध्याकाळी मुलगी आणि मी दोघंच जेवतो. आज मुलगी ताटातलं चिवडत म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या मुलीला विचारलंत का, का येत नाहीस म्हणून?"

"मावशीचा हात भाजलाय."

"ते मावशीचं झालं. तिचं काय?"

"बाळ, वर्गशिक्षकाने एका वेळी एकच प्रश्न विचारावा. नाहीतर उत्तरपत्रिका लांबते."

"आणि एखादी येऊन बसली, पण तिला काहीच कळत नसेल तर? म्हणजे सगळे पुढे निघून गेलेत आणि हिला अजून पहिलंच पान कळत नाहीये. तिला आली म्हणायचं का?"

"अवश्य म्हणायचं. आधी उपस्थिती, मग समज. तुझ्या आईशी लग्न केलं तेव्हा मला तरी कुठे काही कळत होतं?"

ती हसली, पण हसायला जरा उशीर झाला. मग न सांगता ताट उचलून गेली, माझंही नेलं, दोन्ही घासून पालथी घातली. कॉलेजने पोरीला वळण लावलं म्हणायचं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पाकोळी आली!

काल सोमवार, म्हणून काल कान देऊन होतो. काल नुसता वर्गाचाच "येतेय" झाला आणि मी मनातून खट्टू झालो. आज नाव घेतलं, वर्ग म्हणाला, "येतेय," आणि तो सूर संपता संपता मागून एकटा, बारीक आवाज आला: "येतेय." वर्गाहून अर्ध्या श्वासाने उशिरा. उशिरा उत्तर देणं हा तिचा जुनाच खोडसाळपणा. मान वर न करताच मी म्हणालो, "या, बाईसाहेब. आलात त्याबद्दल संस्कृत भाषा आपली ऋणी आहे." मुलं हसली. मी तिच्या नावापुढे हजर लावलं.

मधल्या सुट्टीत भूगोलाच्या सरांना विचारलं. "आली की," ते म्हणाले. "मी नद्यांचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तिनेच दिलं बहुतेक. मागच्या बाजूने आलं."

मोठ्या बाईंनी कक्षाच्या खोलीत मला चहा पाजला. माझी खुर्ची मात्र तिथेही दिसली नाही. विचारलं तर म्हणाल्या, हात सैल होता, शिपाईमामांनी मागे टाकली. यशाच्या क्षणी माणसाने खुर्चीचा विचार करू नये.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज नववीला व्याकरणातला लोप शिकवला. म्हटलं, लोप म्हणजे नाश नव्हे. लोप म्हणजे न दिसणं. वर्ण दिसत नाही, ऐकू येत नाही, पण त्याच्यामुळे व्हायची ती कामं होतच राहतात. शेजारचे सगळे वर्ण तो आहे असं धरूनच वागतात. पहिल्या बाकावरची एक म्हणाली, "म्हणजे भूतच की, सर." मी म्हणालो, "भूत नव्हे. भूत निदान दिसतं तरी."

पाकोळीच्या बाकावरची तिची मैत्रीण काठाला अंग चोरून बसते, हे आज फळ्याकडून वळताना ओझरतं दिसलं. शेजारी जागा ठेवून. पाकोळी बहुधा पाणी प्यायला गेली असावी. पूर्वी ती पाणी प्यायला विचारायची, भांडायची, दोनदा जायची. आता एका शब्दाचा त्रास नाही.

घरीही तसंच. मुलगी आता खोलीतच अभ्यास करते. मी आलो की दार लोटलेलं. "जेवायला चल गं," म्हटलं की आतून "येतेय". मी जेवून घेतो, तिचं ताट झाकून ठेवतो, वर्तमानपत्र वाचता वाचता डोळा लागतो. सकाळी ताट घासून पालथं घातलेलं असतं. पैसे मागणं नाही, कपड्यांवरून आईशी वाद नाही. सौ.ला म्हटलं, पोरगी एकाएकी मोठी झाली. ती म्हणाली, "तुम्ही असता ना संध्याकाळी तिच्याजवळ, म्हणून मला घोर नाही."

सोमवार, २२ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो. क्रम लावला की गोष्टी शहाण्यासारख्या वागतात, असा आजवरचा अनुभव आहे.

परत आलेल्या प्रत्येक मुलाशी सल्लागार बाई एकदा बोलतात. आज पाकोळीची पाळी होती. मी वर्गातून निरोप पाठवला. बाई तासभर वाट बघून स्वतः आल्या. "सर, आली नाही."

"आत्ता तर होती," मी म्हणालो.

मैत्रिणीला बाहेर बोलावलं. "पाकोळी कुठे आहे?"

"आत्ता होती, सर."

"आज काय घातलं होतं तिने?"

"गणवेश."

"वेण्या किती?" बाईंनी विचारलं.

"दोन… एक." तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "बाई, मी जागा ठेवते ना तिची. रोज ठेवते."

"जागा ठेवतेस, पण ती बसते का?"

पोरीने वळून वर्गात पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले. काहीतरी हरवलंय आणि ते आपल्याच हातात होतं, असा तिचा चेहरा झाला होता.

भूगोलाचे सर म्हणाले, खिडकीशी बसते. शिपाईमामा म्हणाले, फाटकातून रोज जाताना बघतो, सगळ्यांच्या शेवटी. गणिताच्या बाई म्हणाल्या, तिची वही मी तपासली. मग म्हणाल्या, नाही, तपासायची राहिली होती. सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. कुणाही दोघांचं पाहिलेलं मात्र एकमेकांशी जुळत नव्हतं.

शेवटच्या तासाला मी पुन्हा हजेरी घेतली. ओळ हरवली तर हरवू दे म्हणून मान वर ठेवली. तिचं नाव घेतलं. वर्ग म्हणाला, "येतेय." त्या बाकावर फक्त मैत्रीण होती, काठाला अंग चोरून. तिच्या शेजारची फळी रिकामी, स्वच्छ, उन्हाने चकाकत होती. आणि अर्ध्या श्वासाने उशिरा, एकटा, बारीक आवाज आला:

"येतेय."

एकाही मुलाने मान वळवली नाही. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत इस्त्रीच्या दुकानात गेलो. मावशी स्वतः इस्त्री फिरवत होती. काल पट्टी काढली म्हणून तिने हात दाखवला. नवी कातडी गुलाबी, कोवळी.

"पोरगी येते ना शाळेत?" तिनेच विचारलं. "दप्तर घेऊन वेळेवर निघते, वेळेवर येते. आधी किती कटकट करायची हो. आता शब्द नाही. मी म्हणते, सर येऊन गेले त्याचा गुण."

मी "हो" म्हणालो. त्या बाईला दुसरं काही सांगायची हिंमत झाली नाही. तिचं "एका दिवसात गेलीच नाही ती" आठवलं आणि शर्टांची ती रांग बघवेना.

म्हणजे ती घरून निघते आणि शाळेत पोचत नाही. मधे एक रस्ता, दोन वळणं, एक फाटक. एवढ्या थोड्या जागेत एक अख्खी मुलगी मावते कुठे?

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी हजेरीपत्रक उघडून तिच्या ओळीवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पण उत्तर येतंय ना?"

बुधवार, २४ सप्टेंबर

सापडली.

सकाळी प्रार्थना झाल्यावर सगळा वर्ग मैदानावर पाठवला. रिकाम्या वर्गात उभा राहिलो. इतकी बाकं एकदम रिकामी बघायची सवय नसते. प्रत्येक बाक आपल्याकडून काहीतरी मागतं आहे असं वाटतं. बाकीची नावं घेतली नाहीत. फक्त तिचं घेतलं.

वर्ग नव्हताच, त्यामुळे या वेळी वर्गाचं उत्तर नाही. अर्धा श्वास गेला.

"येतेय."

मागच्या भिंतीतून. उंचावर एक झरोका आहे, मोडक्या जाळीचा. त्याच्या पलीकडे मोडकी बाकं टाकायची खोली. मी ओसरीवरून धावत, म्हणजे माझ्या वयात ज्याला धावणं म्हणतात तसा, वळसा घालून गेलो. कडी तुटलेलं दार. आत एकावर एक उलटी बाकं, पाय वर केलेली, त्यांच्यामधून जेमतेम एक वाट, आणि वाटेच्या टोकाला झरोक्याखाली माझी खुर्ची. खुर्चीत पाकोळी, मांडीवर दप्तर. मला बघून ती उठली नाही. खुर्ची तेवढी हुंकारली.

"तू इथे काय करतेस?"

"शाळेत आलेय, सर."

"रोज?"

"रोज. इथून सगळं ऐकू येतं. तुमचं लोप पण ऐकलं."

"मग वर्गात का नाही येत, बाळ?"

तिचे हात आज उडत नव्हते. "आले होते ना, सर. त्या सोमवारी. जरा उशीर झाला होता. दारात उभी होते. तुम्ही माझंच नाव घेतलंत. मी म्हणणार होते, आत येऊ का. तेवढ्यात सगळे म्हणाले, येतेय. कुणी दाराकडे बघितलं नाही. तुम्ही पण नाही. पुढचं नाव घेतलंत."

मी त्या वाटेतच खाली बसलो.

"मला वाटलं, झालं की. माझं उत्तर झालंय. आता आत जाऊन करायचं काय?" तिने झरोक्याकडे बोट केलं. "मग इथून ऐकायचे. ते म्हणायचे, मग मी पण म्हणायचे. तुम्ही म्हणालात ना, या बाईसाहेब? तेव्हा हसू आलं. मला वाटलं, आता सर उठून शोधतील. पण नाही."

"कुणालाच कळलं कसं नाही?"

"उत्तर आलं की कुणी शोधत नाही, सर." हे तिने मला समजावल्यासारखं, मायेने सांगितलं. "पहिले एकदोन दिवस भीती वाटते. मग कंटाळा येतो. मग काहीच वाटत नाही, आपोआप होतं. मधे तर मी म्हटलं की नाही ते पण कळायचं नाही. परवा मी आलेच नव्हते, तरी कुणी काही बोललं नाही."

"परवा?"

"सोमवारी. मावशीची पट्टी काढायची होती. दिवसभर दवाखान्यात होतो आम्ही."

सोमवारी मी मान वर करून हजेरी घेतली होती, आणि उत्तर आलं होतं.

ते मी तिला सांगितलं नाही. तिचा हात धरला. हात गार होता, पण हात होता. बोटांना वहीची शाई, नखं कुरतडलेली. तो न सोडता तिला वर्गात आणलं. मैत्रीण तिला बघून रडली, मग तिला चिमटा काढला, मग दोघी भांडल्या, जागेवरून. काठाला कोण बसणार यावरून चांगलं कचाकचा भांडण झालं. सल्लागार बाई दारात उभ्या राहून ते भांडण एखादं गाणं ऐकावं तसं ऐकत होत्या.

नियम आजपासून बंद. मोठ्या बाईंनी स्वतः वर्गात येऊन सांगितलं: जो नाही त्याच्या नावाला कुणी उत्तर द्यायचं नाही. गप्प बसायचं. आणि त्या शांततेत सगळ्यांनी दाराकडे बघायचं. सरांनीसुद्धा.

पाकोळी वाचली. खुर्चीही सापडली, ती मी तिथेच राहू दिली नाही, पण तिच्यात बसवतही नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

दोन दिवस पाकोळी येते आहे. दोनदा पाणी प्यायला विचारते. काल तिने माझ्या चष्म्यावर विनोद केला. मी खूष होतो.

आज संध्याकाळी घरी आलो. दार लोटलेलं. "आलो गं," म्हटलं, आतून नेहमीसारखं "हं" आलं. चहा करून बसलो तोच दारावर टकटक. एक तरुण उभा होता, खांद्याला पिशवी, मानेवरचा घाम पुसत. कपाळावर माझ्याच जातीची आठी.

"कॉलेजातून आलोय. ज्या मुली बरेच दिवस वर्गात दिसल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन येतो आम्ही." त्याने माझ्या मुलीचं नाव घेतलं.

"काहीतरी घोटाळा आहे," मी म्हणालो. "ती रोज जाते."

"सगळे पालक तसंच म्हणतात, काका." त्याने हे वाईट वाटू नये अशा बेताने सांगितलं. "या महिन्यात एकाही शिक्षकाने तिला पाहिलेलं नाही. आत आहे का?"

मी हाक मारली.

"येतेय," आतून आवाज आला.

त्या तरुणाच्या कपाळावरची आठी गेली. मी ती जाताना पाहिली. "झालं तर मग," तो म्हणाला. "आवाज तरी ठणठणीत आहे. सोमवारपासून पाठवा." आणि समाधानाने जिना उतरून गेला. त्याला थांबवायला हवं होतं. मी त्याची पावलं संपेपर्यंत उभा राहिलो.

मग सौ.ला इस्पितळात फोन केला. "तू तिला शेवटचं कधी पाहिलंस?"

"हे काय विचारणं? सकाळी हाक मारली की. म्हणाली, येतेय. मला स्वयंपाकाची घाई होती, मी…" ती थांबली. मागे इस्पितळातली एक ढकलगाडी खडखडत गेली. "अहो, तुम्ही बघता ना तिला? तुम्ही असता ना संध्याकाळी?"

मी तिच्या दाराकडे पाहिलं.

"निघते मी," ती म्हणाली.

आता तिच्या खोलीसमोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसलो आहे आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे. उजेड उतरतो आहे, दाराखालच्या फटीत दिवा दिसत नाही. मघाशी पुन्हा हाक मारली. अर्ध्या श्वासाने उत्तर आलं, त्याच सुरात, ना घाई ना कंटाळा. जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार तपासले. कुठला आवाज कंठातून येतो आणि कुठला नुसत्या सवयीतून, हे मला कळतं अशी माझी समजूत होती. हा कुठून येतो ते मला सांगता येत नाही.

या वहीची पानं मागे उलटून पाहिली. खुर्चीबद्दल मी पान भरून लिहिलं आहे. तिचा कुठला हात सैल ते मला डोळे मिटून सांगता येईल. मुलगी मात्र बारा तारखेला ताटं घासून आत गेली, त्यानंतर तिचा चेहरा मला आठवत नाही. वेण्या एक की दोन, तेही नाही. विनोद सुचत नाही.

दाराला आतून कडी नाही, कधीच नव्हती. हाताने ढकललं की उघडतं. मला भीती वाटते की आत कुणी नाही.